मोठी थ्रॉटल बॉडी, मोठा गैरसमज

नाशिकच्या गॅरेजांत वर्षानुवर्षं ऐकतोय: 'टर्बो गाडीला मोठी थ्रॉटल बॉडी टाका, पॉवर वाढते.' थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप; टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. बाकी काही न बदललेल्या गाडीत मात्र पॉवर नाही वाढत. ६० ऐवजी ७० मिलिमीटर व्यासाची बसवली की क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं, हे खरं. पण हवा किती दाबाने कोंबायची ते टर्बो, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतात. पूर्ण उघडलेल्या मूळ थ्रॉटल झडपेपाशी दाब जेमतेम घटतो, तोही टर्बो बहुधा भरून काढतो.

मग कसारा घाटात गाडी चपळ का वाटते? पेडल तेवढंच दाबलं तरी जास्त हवा आत जाते. अर्धा पाय दाबून पाऊण पायाचा भास. टर्बोच मोठा बसवलात, तर मात्र मूळची थ्रॉटल झडप आड येऊ शकते.