सोंगाड्या

तमाशातील विनोदी नट. गण (गणपतीचे स्तवन), गौळण, बतावणी (सवालजवाबाचा विनोद) आणि वग (कथानाट्य) अशा क्रमाने रंगणाऱ्या तमाशात गण संपला की त्याचे काम सुरू होते ते वगाचा पडदा पडेपर्यंत. ‘सोंग’ म्हणजे घेतलेले रूप. सोंग घेणारा तो सोंगाड्या. गावाकडे हा शब्द फडाबाहेरही, म्हणजे तमाशाच्या मंडळीबाहेरही, फिरतो. खोटे आजारपण काढून खुरपणी चुकवणाऱ्या पोराला ‘लई सोंगाड्या हाय’ म्हणतात, आणि सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण तर कर्ज मागायला निघालेल्या प्रत्येकाला कुणीतरी ऐकवतेच. एकनाथांच्या भारुडांतली सोंगे, सोंगी भजन, जत्रेतले बहुरूपी हे सगळे त्याचे भाऊबंद. संस्कृत नाटकातला विदूषक मात्र लांबचा पाहुणा म्हणावा लागेल. विदूषक राजाचा मित्र असतो. सोंगाड्याला राजाच्या दारात उभे करतात, आणि तो दारातच अडून बसतो.

गौळणीत तो पेंद्या होतो. कृष्ण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतो, दान मागतो, तेव्हा कृष्णाच्या बाजूने भांडायचे आणि मार मात्र स्वतः खायचा, ही पेंद्याची रीत. समोर मावशी असते. मावशीचे कामही परंपरेने पुरुषच करतो: डोक्यावरून पदर आणि गवळणींची पुढारी असल्याचा तोरा. फडातला दुसरा जाणता विनोदी नट बहुधा हे काम घेतो. वगात सोंगाड्या नोकर, शिपाई, हवालदार, प्रधान, पाटलाचा गडी, जे पडेल ते सोंग उचलतो. पण त्याची खरी मिळकत बतावणीतली. तिथे कथानक नसते, राजा-राणी नसतात. सरदार, म्हणजे प्रश्न विचारणारा गंभीर नट, आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात आणि बोलतात, बस्स.

बतावणी कशी चालते ते सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे. सातारा-सांगलीकडच्या धाटणीचा हा एक मासला:

सरदार : आरं, तू हितं कशापायी आलास?
सोंगाड्या : पायी न्हाय आलो सरदार, एस्टीनं आलो.
सरदार : तसं न्हवं रं. काम काय काढलंस?
सोंगाड्या : म्या कुठं काढलं? मालकानंच मला कामावरनं काढलं.
सरदार : मग आता पोट कशावर चालतं?
सोंगाड्या : पोट कुठं चालतंय? पोट बसलंय. पाय चालत्यात.

तीन प्रश्न, तीन उत्तरे, आणि तिन्हींत युक्ती एकच. प्रश्नातला एक शब्द उचलायचा, त्याचा रोजचा अर्थ बाजूला ठेवायचा आणि अक्षरशः अर्थ घ्यायचा. सोंगाड्या मूर्ख नसतो. तो समजून न समजल्यासारखे करतो, हे प्रेक्षकालाही ठाऊक असते. ‘कशापायी’मधला ‘पाय’ आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण तो ऐकत नाही. सोंगाड्या ऐकतो. म्हणून या कलेला आधी कान लागतो, जीभ नंतर.

यात सरदाराचे काम कमी लेखले जाते, ते बरोबर नाही. सरदार हसला की बतावणी मेली. त्याने गंभीर, किंचित चिडका राहायचे आणि प्रश्न असा नेमका टाकायचा की त्यातला तो एक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचेल. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा सरदार सोंगाड्याचे उत्तर प्रश्नासारखे परत म्हणत असे (‘पाय चालत्यात?’), आणि मागच्यांनाही विनोद कळे. ढोलकीवाला तिसरा भागीदार. उत्तर पडले की एक थाप. ती थाप हसायला जागा करून देते आणि हसणे ओसरायच्या आत पुढचा प्रश्न येतो. तुणतुणे आणि कडे वाजवणारे झिलकरी मागे उभे असतात. त्यांनी रोज ऐकलेलाच विनोद पुन्हा ऐकून दाद द्यायची असते, आणि हेही कामच आहे.

संहिता बहुधा लिहिलेली नसे. ठराविक प्रश्नोत्तरांचा साठा पाठ, बाकी वेळेवर. या मोकळ्या जागेत गाव शिरते. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या पट्ट्यात पाण्यावरची बतावणी हमखास चालते. ‘गावाला पाणी आलं का?’ ‘आलं की.’ ‘कुठं?’ ‘डोळ्यात.’ आणि टाळी पडली की लगेच, ‘नळाला कवा येतं?’ ‘मंत्री येत्यात तवा.’ हाच विनोद कृष्णाकाठच्या उसाच्या गावात कुणी करणार नाही. तिथे वजनकाटा आणि ऊसतोड निघते. चांगला सोंगाड्या फड गावात उतरला की दुपारी चहाच्या टपरीवर बसून घेतो. सरपंच कोण, रस्ता कुठे फुटलाय, कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली, एवढे कळले की रात्रीची सोय झाली.

या फडांचा हंगाम जत्रांना बांधलेला. सातारा जिल्ह्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची आणि म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा, पालीचा खंडोबा, औंधची यमाई. सांगलीकडे खरसुंडीचा सिद्धनाथ. शिवाय चैत्र-वैशाखात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या लहान जत्रा असतातच. गाव सुपारी देते, फड येतो, रात्री कनातीत किंवा उघड्यावर खेळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, म्हणजे देवळापुढे किंवा चावडीपुढे कलावंतांचा गाण्या-बतावणीचा छोटा कार्यक्रम, आणि दुपारनंतर कुस्त्यांचा फड. रात्रभर जागलेल्या सोंगाड्याला हजेरीत उन्हात, रंग न लावता, समोर पोरेबाळे आणि म्हातारे असताना हसवावे लागते. रात्रीचे चावट विनोद तिथे चालत नाहीत. सोंगाड्या किती पाण्यात आहे ते हजेरीलाच कळते.

सातारा-सांगलीचा आणि तमाशाचा संबंध जुना आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले, त्यामुळे जुन्या कलावंतांचे गाव ‘सातारा जिल्हा’ असे लिहिलेले दिसले तरी ते पुष्कळदा आजच्या सांगलीत असते. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांचे गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. गावचे कुलकर्णीपण सोडून ते फडात गेले, आणि त्यांच्या लावण्या-गौळणींवर पुढे कित्येक फडांचे पोट चालले. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९). कम्युनिस्ट चळवळीतल्या लाल बावटा कलापथकासाठी त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि गणातला गणपती बाजूला ठेवून तिथे श्रमणाऱ्या माणसाला आणले. सोंगाड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. सावकाराला प्रश्न विचारायला त्याच्याइतका लायक कोण मिळणार?

सांगली शहराचा मान वेगळा. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग तिथेच केला, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. त्या पंढरीपासून काही मैलांवर, मिरज तालुक्यातील कवलापुरात, दुसरी परंपरा वाढली. शिवा-संभा कवलापूरकरांचा फड गाजला, आणि संभाजींची जुळी मुले लहू आणि अंकुश खाडे ही ‘काळू-बाळू’ या नावाने महाराष्ट्रभर पोहोचली. ‘जहरी प्याला’ या वगातले त्यांचे दोन हवालदार लोक पुन्हा पुन्हा पाहायला येत. एरवी बतावणीत एक सरळ आणि एक वाकडा लागतो. इथे दोघेही वाकडे, तोंडवळाही सारखा, आणि अंगावर सरकारी गणवेश. कायदा एकाच चेहऱ्याचा पण दोन तोंडांनी बोलणारा, असे ते दृश्य झाले. जाणूनबुजून केले असेल किंवा नसेल, पण पोलिसाला घाबरणाऱ्या खेड्यातल्या माणसाला त्यात काय दिसले असेल ते सांगायला नको.

हे हसणे फुकटचे नव्हते. फडातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांतले. दिवसा ज्याच्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नाही त्या पाटलाला रात्री बोर्डावरून, म्हणजे रंगमंचावरून, चिमटा काढायचा, आणि पाटलाने पुढच्या रांगेत बसून हसायचे. ही मुभा रात्रीपुरती होती. सोंगाड्याचे बोलणे ‘उलटे’ का असते, याचे एक कारण इथे आहे. सरळ बोललेले अंगाशी आले असते.

द्वयर्थी बोलण्याबद्दल मात्र फडावर सतत टीका झाली. १९४७ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. लावणीला हे जमून गेले, कारण ती लिहिलेलीच असते. अडचण झाली सोंगाड्याची. संध्याकाळी टपरीवर सुचणारे वाक्य तो महिनाभर आधी कागदावर कसे देणार? फडांनी कागद दिले, आणि बोर्डावर गेल्यावर जे व्हायचे ते होत राहिले.

याच काळात शहरात लोकनाट्य उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून आलेले तरुण, लेखकाने लिहिलेला वग, नाट्यगृहातला तिकीट काढून आलेला प्रेक्षक. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी हवालदार उभा केला आणि रोजच्या बातम्यांवर प्रत्येक प्रयोगात नवे बोलत राहिले, प्रयोग पंधराशेच्या पुढे गेले. कोंडके मुंबईच्या नायगावात गिरणगावच्या वस्तीत वाढले, पण मूळ गाव भोरजवळचे इंगवली, म्हणजे नीरा ओलांडली की सातारा. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) ते पडद्यावर आले आणि १९७१ मध्ये त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रपटाचे नावच ‘सोंगाड्या’ होते. लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आई घराबाहेर काढते आणि तो कलावतीच्या फडात सोंगाड्या होतो.

गंमत अशी की नाम्या फडात जाण्याआधीपासूनच सोंगाड्या आहे. त्याला शब्द कळतात, त्यामागचा इशारा कळत नाही. बतावणीतली ‘न समजल्यासारखे करण्याची’ युक्ती कोंडके यांनी माणसाचा स्वभाव म्हणून लिहून घेतली, आणि ती गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत, लोंबणाऱ्या नाडीत आणि ‘आये’ या हाकेत पक्की बसवली. सरदाराची जागा आईला, म्हणजे रत्नमाला यांना मिळाली. त्या चिडल्या की थेटर हसे. पुढे ओळीने नऊ चित्रपट पंचवीस आठवड्यांवर चालले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. नंतरच्या चित्रपटांत निष्पापपणा पातळ होत गेला आणि द्वयर्थ वर तरंगू लागला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चावट वाक्य बोलणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत आहे हे एकदा दिसले की विनोदाची चव जाते.

लोकनाट्यातून आलेले सगळेच पडद्यावर विनोदी राहिले नाहीत. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने निळू फुले यांचे नाव झाले, आणि ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये (१९६८) त्यांनी झेले अण्णा उभा केल्यावर चित्रपटसृष्टीने त्यांना खलनायकाच्या खुर्चीत बसवले. त्यांचे ते थांबून, अर्धे वाक्य तोंडातच ठेवून बोलणे बतावणीतलेच; फक्त पुढे ढोलकीची थाप पडायची बंद झाली आणि प्रेक्षकाच्या अंगावर काटा आला.

साताऱ्याच्या मातीतला सर्वांत लाडका विनोदी चित्रपटनट मात्र या वाटेने आलेला नाही. राजा गोसावी (२८ मार्च १९२५ – २८ फेब्रुवारी १९९८) खटाव तालुक्यातील सिद्धेश्वर कुरोलीचे. मास्टर विनायक यांच्याकडे पडेल ते काम करत, नाटक मंडळीत लहानसहान भूमिका करत ते वर आले. राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ने (१९५२) ते नायक झाले, तेव्हा पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात ते तिकीटविक्रीच्या नोकरीवर होते, लोकांनी त्या खिडकीतून नायकाच्याच हातून त्याच्या चित्रपटाची तिकिटे घेतली. त्यांचा विनोद गडकऱ्यांच्या नाटकांच्या आणि पुणेरी बिऱ्हाडांच्या वळणाचा होता. धांदल, फजिती, आणि खिशात पैसा नसताना चेहऱ्यावर ठेवलेली टापटीप. नोकरी नसलेला, भाडे थकलेला तरुण शहरभर होता. गोसाव्यांनी त्याला हसरा केला. कोंडके यांचा नाम्या शब्दात अडकतो, गोसाव्यांचा नायक परिस्थितीत. त्यामुळे त्यांना सोंगाड्या म्हणणे चूक ठरेल, जरी खटावातली मंडळी आपल्या गावचा माणूस म्हणून त्यांना तसे कौतुकाने म्हणत असली तरी.

गोसावी गेले आणि चौदा दिवसांनी, १४ मार्च १९९८ रोजी, दादा कोंडकेही गेले.

फडांतून आज बतावणी आखूड झाली आहे. हिंदी-मराठी चित्रपटगीतांवरचे नाच आधी, गण-गौळण उरकल्यासारखी, आणि वग रात्री उशिरा. मोबाइलवर बतावणीचे तुकडे फिरतात, तेव्हा त्यात गावाचे नाव आणि सरपंचावरचा चिमटा नेमका कापलेला असतो, कारण दुसऱ्या गावाला तो कळणार नाही. जत्रेत मात्र सोंगाड्या अजूनही बोर्डावर येऊन आधी समोरच्या रांगेवरून नजर फिरवतो. सरपंच आलाय का, ते बघतो.