थंड इंजिनाला लाल टोकाचा आधार

जुना डिझेल ट्रक रात्रभर थंडीत उभा असला की सकाळी किल्ली फिरवल्यावर लगेच स्टार्टर मारता येत नाही. डॅशबोर्डवर थांबायला सांगणारा दिवा लागतो, आठ-दहा सेकंदांनी विझतो, मगच पुढचं काम. तेवढ्या वेळात प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर पेन्सिलीहून बारीक असं धातूचं एक टोक तापून लाल झालेलं असतं. हा ग्लो प्लग. गॅरेजात त्याला हीटर प्लगही म्हणतात, आणि मला ते नाव जास्त बरोबर वाटतं. पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगशी त्याची नेहमी गल्लत होते, पण हा ठिणगी टाकत नाही, फक्त तापतो.

डिझेल इंजिनात इंधन पेटवायचं काम हवेकडे असतं. पिस्टन हवा दाबतो, दाबल्यामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेल फवारतं. हवा २१ पट दाबली आणि उष्णता जराही वाया गेली नाही, तर २० अंश सेल्सिअसची हवा साधारण ६५० अंशांपर्यंत पोचते. सुरुवातच उणे १० अंशांपासून झाली तर मात्र ५७०च्या आसपास. हा झाला कागदावरचा हिशेब. थंडीत तेल घट्ट झालेलं असतं, बॅटरी मंदावलेली असते, त्यामुळे इंजिन रेंगाळत फिरतं. तेवढ्यात थोडी हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते आणि बरीचशी उष्णता थंडगार लोखंड शोषून घेतं. प्रत्यक्षात हवा आणखी शंभर-दोनशे अंशांनी कमी तापते.

डिझेल तर २१० ते २५० अंशांना आपोआप पेट घेतं असं पुस्तकात असतं, मग अडतं कुठे? अडतं ते वेळेशी. पुस्तकातला आकडा प्रयोगशाळेतल्या गरम भांड्यातला आहे. तिथे थेंबाची वाफ व्हायला आणि ती हवेत मिसळायला सवड मिळते. इंजिनात हे सगळं काही मिलिसेकंदांत व्हावं लागतं, म्हणून हवा कितीतरी जास्त गरम हवी. ती नसेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतं आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत राहतो.

अमेरिकेतल्या फोर्डच्या पिकअप ट्रकमध्ये १९८३ ते १९९४ या काळात आलेली ६.९ आणि ७.३ लिटरची आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे आडून फवारणी करणारी) इंजिनं, किंवा १९८२ पासूनचं जनरल मोटर्सचं ६.२ लिटरचं इंजिन, या बाबतीत जास्तच हळवी आहेत. यांच्यात डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही. सिलिंडर हेडमध्ये एक छोटी पोकळी असते, फवारा तिथे पडतो, ज्वलन तिथे सुरू होतं आणि मग खाली पसरतं. इंजिन त्यामुळे मऊ चालतं, पण एवढ्याशा पोकळीला जागेच्या मानाने भिंत फार असते, आणि थंडीत ती भिंत उष्णता खाऊन टाकते. म्हणून त्या पोकळीतच प्लगचं टोक आणून ठेवलेलं असतं. फवाऱ्याची कड त्या लाल टोकाजवळून जाते आणि तिथून आग धरते. उलट, थेट फवारणी करणाऱ्या कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनाला ग्लो प्लगच नाहीत. आत येणारी हवा तापवायला इनटेकच्या तोंडाशी एक विजेची जाळी बसवली की त्याचं भागतं.

आता प्लगच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण निवडीचा सगळा प्रश्न तिथेच सुटतो. बाहेर उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूची बंद नळी, आत तारेची कॉइल आणि दोन्हींच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट ठासलेली पूड. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र जाऊ देत नाही. साध्या प्लगमध्ये एकच कॉइल असते. वीज चालू आहे तोवर ती तापत राहते, थांबायचं कधी हे तिला कळत नाही. स्वतःला आवरणाऱ्या प्लगमध्ये दोन कॉइल एकापुढे एक जोडलेल्या असतात. टोकाकडची कॉइल तापवते. मागची निकेलसारख्या धातूची असते आणि तापली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अनेक पटींनी वाढतो. सुरुवातीला करंट धो-धो वाहतो, टोक काही सेकंदांत ८५० अंशांच्या घरात जातं, तोवर मागची कॉइल तापते आणि करंट आपोआप निम्म्यावर येतो. चालू होताना वीस-एक अँपिअर ओढणारा प्लग थोड्याच वेळात दहाच्या आसपास स्थिरावतो. असे आठ प्लग एकदम चालू झाले की पहिल्या क्षणी दीडशेहून जास्त अँपिअर जातात. या ट्रकना जोडीने बॅटऱ्या आणि एवढा दणकट रिले, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, का लागतो, ते यावरून समजावं.

त्याआधीची पद्धत आणखी साधी होती. कमी व्होल्टचे प्लग माळेसारखे एकामागे एक जोडलेले असत. एक जळला की सगळी माळ बंद. पुढे प्रत्येक प्लगला वेगळी वायर आली. काही कंपन्यांनी घाई भागवायला ६ व्होल्टचे प्लग १२ व्होल्टवर चालवले. व्होल्टेज दुप्पट म्हणजे शक्ती चौपट, त्यामुळे टोक पटकन लाल होतं. पण असा प्लग अखंड चालू राहिला तर जळणारच, म्हणून वीज कधी आणि किती वेळ द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर त्याला थांबून-थांबून वीज देतो.

फोर्डच्या ७.३ आयडीआयचा कंट्रोलर मला फार आवडतो, इतका तो साधा आणि हुशार आहे. इंजिनाच्या वर मागच्या बाजूला तो बसतो आणि त्याच्यावर नागमोडी वळलेली धातूची एक पट्टी दिसते. सगळ्या प्लगचा करंट त्या पट्टीतून जातो. पट्टीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्टेज पडतं ते कंट्रोलर मोजतो आणि त्यावरून करंट किती ते ओळखतो. प्लग तापले की करंट उतरतो. उतरला की कंट्रोलर समजतो, प्लग तयार आहेत. वेगळा थर्मामीटर नाही, प्लगच स्वतःचं तापमान सांगतो.

पण यातच त्याची अडचणही आहे. समजा आठांपैकी तीन प्लग जळालेले आहेत. करंट आधीच कमी, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी सगळे तापलेले. तो दोन सेकंदांत वीज तोडतो आणि रिले टकटक-टकटक वाजू लागतो. उरलेले पाच प्लग धड तापतही नाहीत. लोक मग कंट्रोलर खराब म्हणून नवा आणतात, आणि नवाही तसाच वागतो. वेगळ्या रोधाचे प्लग बसवले तरी हाच घोळ. रोध जास्त असेल तर वीज लवकर तुटते, कमी असेल तर ती जास्त वेळ चालू राहते आणि प्लग भाजून निघतात. प्लग आणि कंट्रोलर ही जोडी आहे. दुकानात फक्त आटे आणि लांबी जुळवून प्लग घेणं म्हणजे अर्धीच निवड. व्होल्ट, रोध आणि प्लग स्वतःला आवरणारा आहे की साधा, हे सगळं जुळायला हवं. आठही प्लग एकाच जातीचे हवेत, हे वेगळं सांगायला नको.

कंट्रोलर काढून डॅशबोर्डवर बटण लावायची पद्धत बरीच रूढ आहे. मला ती गैर वाटत नाही. पण बटण दाबून धरलं तरच चालू राहणारं हवं, सोडलं की बंद. चालू-बंदचा स्विच विसरला जातो. शिवाय हाताने चालवायचं तर स्वतःला आवरणारेच प्लग घ्यावेत. जनरल मोटर्सच्या या इंजिनांसाठी एसी डेल्कोचा ६०जी त्याच जातीचा आहे. ६ व्होल्टचे साधे प्लग बटणावर सोपवले तर दोन-चार सेकंदांची चूकही महाग पडते. रिले अखंड करंट सोसणारा हवा. स्टार्टरला वीज जोडणारा स्विच, म्हणजे सोलेनॉइड, क्षणभराच्या कामासाठी असतो, तो यात तापतो.

रिलेचे पॉइंट चिकटले तर काय होतं, ते एकदा हातात घेऊन पाहावं. काढलेल्या प्लगचं टोक मोगऱ्याच्या कळीसारखं फुगलेलं असतं, नळीला उभी चीर गेलेली असते आणि चिरेतून पांढरी पूड दिसते. फुगलेलं टोक भोकातून बाहेर येत नाही. जोर लावला तर तुटून आत पडतं, आणि मग हेड उतरवायची वेळ येते. म्हणून प्लग इंजिन कोमट असताना काढावा. आदल्या दिवशी आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारावं, थोडा सैल, थोडा घट्ट असं करत फिरवावा.

तपासणी अगदी घरगुती आहे. प्लगची वायर काढायची, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावायचा आणि लॅम्पचं टोक प्लगच्या वायर जोडायच्या खिळ्याला. दिवा लागला तर कॉइल शाबूत. पण शाबूत म्हणजे चांगली असं नाही. खात्री हवी तर प्लग बाहेर काढून व्हाइसमध्ये पकडावा, चेहऱ्यापासून लांब ठेवावा आणि फ्यूज घातलेल्या वायरीने क्षणभर वीज द्यावी. चांगल्या प्लगची लाली आधी टोकाला उमटते आणि मग मागे सरकते. टोकाऐवजी मधल्या भागातच आधी लाल झाला तर तो प्लग टाकून द्या. इंजिनात बसलं की त्याचं टोक थंडच राहणार आणि फवारा तर टोकापाशीच येतो.

आणि ज्या इंजिनात ग्लो प्लग आहेत त्यात इथरचा, म्हणजे इंजिन चालू करायला मारतात त्या चटकन पेटणाऱ्या द्रवाचा, स्प्रे कधीही मारू नये. लाल टोकाला लागताच इथर पिस्टन वर येण्याआधीच भडकतं. रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. स्प्रे मारायचा मोह होत असेल तर आधी प्लगपाशी मीटर लावून व्होल्टेज पाहा. बॅटरीत १२ आणि प्लगपाशी ९ असेल, तर दोष गंजलेल्या जोडात किंवा अर्थच्या वायरीत आहे, आणि ती साफ करायला पान्याखेरीज काही लागत नाही.