संस्थांचा अनुदान-अर्ज

एखादे ठरावीक काम ठरावीक मुदतीत करण्यासाठी पैसा मिळावा म्हणून स्वयंसेवी संस्था प्रतिष्ठानाला, ट्रस्टला किंवा कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक कामाच्या विभागाला जो लेखी प्रस्ताव देते, तो अनुदान-अर्ज. संस्थांच्या बोलण्यात त्याला सरसकट ‘प्रपोजल’ म्हणतात. देणगीची पावती फाडली की व्यवहार संपतो. अनुदानात मात्र करार, हप्ते, अहवाल आणि शेवटी पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र असा लांबचा प्रवास असतो.

पुण्यात दात्यांच्या बळावर संस्था उभ्या राहण्याची परंपरा जुनी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेला आश्रम वर्गणीवर वाढला. पुढे १९२० मध्ये त्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले. १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या १ लाखाच्या देणगीतून. काम दिसण्याआधीच माणसांवर विश्वास टाकणारा असा पैसा नव्या संस्थेला आज मिळणे अवघड झाले आहे आणि त्याचे कारण कायद्यातही आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हे कलम सांगते. पिंपरी-चिंचवड, चाकण, हिंजवडी इथल्या कंपन्या जवळ असल्याचा फायदा पुण्याच्या संस्थांना होतो तो इथे. मात्र बाहेरच्या संस्थेला हा पैसा घ्यायचा तर आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या करसवलतीसाठी) व ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) नोंदणी, त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे असा पैसा घेण्यासाठीचा सरकारी नोंदणी क्रमांक, लागतो. परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी वेगळी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेच्या आधाराने वस्तीपातळीवर काम करणाऱ्या लहान संस्थांची ही वाट बंद झाली.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा कागदांपाशी. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याने नोंदलेली संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खालीही नोंदवतात, म्हणून तिला दोन क्रमांक असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, द्यायचा असतो. तो राहून गेला, तर परिशिष्टावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या विश्वस्तांच्या यादीवर, जुनी, कधी दिवंगत विश्वस्तांचीही नावे राहतात आणि अर्जावरच्या सह्या त्यांच्याशी जुळत नाहीत. चांगले काम एवढ्यासाठी मागे पडावे, याचे फार वाईट वाटते.

प्रस्तावाचा गाभा म्हणजे गरजेचे वर्णन. समजा, पर्वतीच्या जनता वसाहतीत अभ्यासिका हवी आहे. ‘वंचित मुलांचा सर्वांगीण विकास’ असे लिहून काहीच कळत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, संध्याकाळी टीव्ही चालू असतो, दहावीच्या मुलीला वही उघडायला जागा नाही, अशी किती घरे कोणत्या गल्लीत आहेत हे घरोघरी फिरून मोजलेले असले, तर वाचणाऱ्याला खोलीचे भाडे का मागितले आहे ते सांगावे लागत नाही.

अंदाजपत्रकात सर्वांत कठीण ओळ मानधनाची. बाके, संगणक, पुस्तके यांना पैसे सहज मंजूर होतात, कारण त्यांच्यावर दात्याच्या नावाची पट्टी लावता येते. रोज संध्याकाळी कुलूप उघडणाऱ्या, न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या ताईचे मानधन ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापले जाते. अभ्यासिका चालते ती तिच्यामुळे. म्हणून जाणत्या संस्था ही ओळ कार्यक्रमाच्या खर्चात घालतात, ताईचे काम तासांनिशी लिहितात आणि ती कापायला निघाले तर बाके कमी करायला तयार होतात.

मंजुरीनंतर पहिला हप्ता येतो. दुसरा हप्ता सहसा अहवाल पाहिल्यावर आणि अनेकदा प्रत्यक्ष भेटीनंतर सुटतो. त्या भेटीत हजेरीपट, व्हाउचर आणि बँकेचे पासबुक मागितले जाते, मुलांशीही बोलले जाते.