बडोद्यातील बागा व क्रीडांगणांची खर्चमंजुरी

बडोदे शहरातील सार्वजनिक बागा, खेळाची मैदाने, तरणतलाव व तलावकाठ यांच्या सुधारणेसाठी पैसा कुठून आणायचा आणि कोणत्या कामाला लावायचा, हे ठरवण्याची पद्धत. मोठ्या कामांच्या ठेक्यांना मंजुरी वडोदरा महानगरपालिकेची (बोलीत नुसते ‘कॉर्पोरेशन’) स्थायी समिती देते. कारभाराचे मुख्य ठिकाण खंडेराव मार्केटची इमारत.

या कारभाराचा पाया गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, 1949 हा आहे. मुंबई राज्याच्या काळातला हा मूळचा ‘मुंबई प्रांतिक’ कायदा. पुण्यासारख्या महाराष्ट्रातल्या महापालिकाही त्याच मुळावर चालत आल्या. फरक इतकाच, की महाराष्ट्रात स्थायी समितीचे सदस्य 16 असतात, गुजरातेत 12. बडोद्यात 2015 पासून 19 वॉर्डांतून 76 नगरसेवक निवडले जातात आणि त्यांतूनच हे बारा घेतले जातात. कायद्याच्या कलम 63 मध्ये पालिकेची बंधनकारक कामे आहेत, तर कलम 66 मध्ये ऐच्छिक. पाणी आणि गटारे पहिल्या यादीत, बागा व क्रीडांगणे दुसऱ्या. त्यामुळे बजेटला कात्री लागली की ती आधी कुठे चालते, हे वेगळे सांगायला नको. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे ही नागरी संस्थांची कामे म्हणून लिहिली खरी, पण यादीबरोबर पैसा आला नाही.

जागेचा प्रश्न मात्र गुजरातेत बराचसा नगररचना योजनेत, म्हणजे ‘टीपी स्कीम’मध्येच सुटतो. 1976 च्या नगररचना कायद्यानुसार योजनेच्या क्षेत्रातील 5 टक्क्यांपर्यंत जमीन बागा, मैदाने व मोकळ्या जागांसाठी राखता येते. म्हणून शहराच्या नव्या पट्ट्यात बागेचा प्लॉट नकाशावर आधीच असतो आणि समितीपुढे येतो तो त्यावरच्या खर्चाचा विषय. जुन्या शहराचे तसे नाही. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या वस्त्या अशा योजनांच्या कितीतरी आधीच्या. तिथल्या मराठी घरांतल्या मुलांना ‘बाग’ म्हणजे कमाटीबाग. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये विश्वामित्रीच्या काठी करवलेली, सुमारे 113 एकरांची ही सयाजीबाग. प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालय दोन्ही तिच्याच आवारात.

एखादे काम मंजूर होते ते ‘दरखास्ती’च्या रूपाने. विभाग एस्टिमेट तयार करतो, टेंडर निघते आणि आयुक्तांच्या सहीने दरखास्त समितीच्या कार्यपत्रिकेवर चढते. कामाचे लांबलचक नाव, अंदाजी रक्कम, सर्वांत कमी भाव भरणाऱ्या ठेकेदाराचा दर अंदाजापेक्षा किती टक्के वर किंवा खाली, आणि खर्च कोणत्या बजेट हेडखाली (अंदाजपत्रकातल्या शीर्षाखाली) पडणार, एवढा मजकूर तिच्यात असतो. कोणत्या बागेत सावली नाही, कुठला झोपाळा तुटला आहे, हे त्यात शोधू नये. करारावर सही आयुक्तांची असते. ठरावीक रकमेच्या वरच्या कराराला समितीची मान्यता लागते. समिती दरखास्त मंजूर करते, फेरफारासह मंजूर करते, मुलतवी ठेवते किंवा नामंजूर करते. खरी चर्चा बहुधा त्याआधीच सत्ताधारी पक्षाच्या ‘संकलन’ बैठकीत झालेली असते, त्यामुळे समितीत विषय भराभर उरकतात. मुलतवी हे नकाराचे सौम्य रूप आहे. काही विषय त्यातून पुन्हा वर येतात, काही येत नाहीत.

पैशाची तोंडे अनेक. कॉर्पोरेशनच्या स्वतःच्या बजेटशिवाय राज्य सरकारची स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहरी विकास योजना, केंद्राची अमृत योजना (2015, तिच्यात बागांसाठी 2.5 टक्क्यांपर्यंत तरतूद होती), आमदारांचे अनुदान आणि वर्षाला 5 कोटींचा खासदार निधी. कोणत्या तोंडातून काय आले, हे बागेत फिरतानाच वाचता येते: बाकांच्या पाठीवर देणाऱ्या लोकप्रतिनिधीचे नाव रंगवलेले असते. माळ्याच्या पगारावर मात्र कुणाचे नाव रंगवता येत नाही. या सगळ्या व्यवस्थेची खरी उणीव इथेच आहे. बाके, ओपन जिम, पेव्हर ब्लॉक, कारंजे ही भांडवली कामे. त्यांना अनुदान मिळते, उद्घाटन होते, फोटो निघतो. पाणी, दिवे, छाटणी, रखवालदार हा महसुली खर्च. तो दरवर्षी कॉर्पोरेशनच्याच खिशातून जातो आणि त्याच्यासाठी समितीत भांडणारा क्वचितच भेटतो. बंद पडलेले कारंजे दिसले की समजावे, बांधायला हेड होते, चालवायला नव्हते.

स्मार्ट सिटी योजनेत बडोद्याची निवड सप्टेंबर 2016 मध्ये झाली. त्या योजनेचा पैसा वेगळ्या कंपनीमार्फत खर्च होत असे. तिथले निर्णय संचालक मंडळाचे, म्हणून निवडून आलेल्या बारा जणांच्या हाताबाहेरचे.

खासगी भागीदारीचा मार्ग समितीला सर्वांत सोपा वाटतो, कारण दरखास्तीत कॉर्पोरेशनचा खर्च जवळजवळ दिसतच नाही. हरणी भागातील मोटनाथ तलावाचा विकास 2017 मध्ये याच पद्धतीने ठेक्यावर दिला गेला. 18 जानेवारी 2024 रोजी तिथे शाळेच्या सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ठेका कसा दिला गेला, यावरही कडक बोट ठेवले. बोटीत किती माणसे बसली, किती जणांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे, हे रोज पाहणे हीसुद्धा देखभालच. ठेका दिल्याने ते काम कॉर्पोरेशनच्या हिशेबातून निघून जाते, अशी समजूत होती.

व्यायामशाळांची परंपरा या चौकटीत नीट बसत नाही. दांडिया बाजारातील प्रो. माणिकरावांचा आखाडा, म्हणजेच जुम्मादादा व्यायाम मंदिर, ही कॉर्पोरेशनची मालमत्ता नव्हे. बाग किंवा तरणतलावाप्रमाणे त्याच्या वार्षिक खर्चाची दरखास्त स्थायी समितीपुढे येत नाही. मल्लखांबाचा खांब बदलायचा झाला तर तो संस्थेने आणि तिच्या हितचिंतकांनी पाहायचा.