बालवाडीतले प्रयोग, खेळ आणि सहा वर्षांची रेघ : पार्श्वभूमी

पुण्यात सध्या तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सायन्स अ‍ॅक्टिव्हिटीची चलती आहे. कोथरूड, बाणेर, वाकड, कुठेही बघा, वीकेंडला वर्कशॉप, मे महिन्यात कॅम्प, आणि नर्सरीच्या फ्लेक्सवर 'हँड्स-ऑन' हा शब्द असतोच. त्यामुळे नव्या पालकांना वाटतं की हे सगळं गेल्या दहा-बारा वर्षांत आलंय आणि महागच असतं. दोन्ही खरं नाही. लहान मुलाने हाताने करून बघायचं ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे, ती शाळेत का टिकली नाही हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात सापडतं, कारण शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासूनच सुरू होतो.

जुना भाग थोडक्यात. जर्मनीत १८३७ मध्ये लाकडी ठोकळे, चेंडू आणि बागकाम यांच्यावर उभी राहिलेली पहिली बालशाळा, १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीतलं बालघर, १९२० मध्ये भावनगरचं बालमंदिर, आणि तिथून तो धागा महाराष्ट्रात १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की परदेशी पद्धतीतली साधनं महाग होती, एका ठरावीक पद्धतीनेच वापरायची होती, आणि बोर्डी-कोसबाडला बालवाडी चालवणाऱ्या बायकांनी ती तशीच न उचलता चिंचोके, शिंपले, गोटे, बिया, पानं असं आसपासचं सामान वर्गात आणलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली, पण तिच्या सहा सेवांमध्ये शाळापूर्व शिक्षण ही एकच, बाकी पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी वगैरे. सेविकेचा दिवस वजन, आहार आणि रजिस्टरं यांतच जातो, हे ज्यांनी अंगणवाडी आतून बघितलीय त्यांना सांगायला नको.

विज्ञानाचा धागा वेगळ्या बाजूने आला. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात झाली, स्वस्त किट, गावातलं सामान, आणि मुलांनी स्वतः काढलेले निष्कर्ष. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार करायचे ही कल्पना त्याच काळातली. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, पण त्यातून घडलेली माणसं ठिकठिकाणी गेली, त्यातलंच एक काम पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत २००३ पासून अकरा वर्षं चाललं. कचऱ्यातून खेळणी. स्ट्रॉचं टोक चपटं करून दोन तिरके काप दिले की पिपाणी होते, ती वाजवत असतानाच पुढून कात्रीने कापत गेलं की आवाज चढत जातो. हे सगळं मोठ्या मुलांसाठी होतं, बालवाडीसाठी म्हणून कुणी केलं नव्हतं, पण व्हिडिओ फुकट होते, मराठीतही होते, आणि पुण्यातल्या बऱ्याच बालवाडीताईंनी ते बघूनच आपल्या वर्गात बाटल्या, बुचं, स्ट्रॉ गोळा करायला सुरुवात केली. या एका गोष्टीचा पुण्यावर जितका परिणाम झाला तितका कुठल्याच सरकारी पुस्तिकेचा झाला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे सहा वर्षांची रेघ.

मूळ राज्यघटनेतल्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण असं होतं, खालची मर्यादा दिलेलीच नव्हती. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही चौदापर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क म्हटलं तेव्हा खालून कुठे रेघ मारली नव्हती. त्याच वर्षी दप्तराच्या ओझ्यावर नेमलेल्या राष्ट्रीय समितीने अहवाल दिला, त्यात बालवाड्यांबद्दल फार कडक शब्द आहेत, एवढ्या लहान मुलांवर वाचन-लेखन-अंकांचा मारा करणं ही हिंसा आहे या अर्थाचं लिहिलंय, नर्सरीच्या प्रवेशाला परीक्षा-मुलाखती बंद करा आणि या संस्थांवर कायद्याने नियंत्रण आणा अशी शिफारस आहे. म्हणजे दिशा ठरल्यासारखी होती. आणि मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आली आणि मूलभूत हक्क सहा ते चौदा या वयाला मिळाला. सहाच्या खालची मुलं नव्या कलम ४५ मध्ये गेली, तिथे राज्य 'प्रयत्न करील' एवढंच. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला त्यातही तेच, कलम ११ मध्ये तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सरकार सोय 'करू शकेल'. बंधन नाही. गंमत म्हणजे शाळेला जोडून नर्सरी असेल तर दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के जागांची तरतूद त्या नर्सरीलाही लागते असं कायद्यात आहे, म्हणजे प्रवेशाबद्दल कायदा बोलतो पण आत त्या मुलाने दिवसभर करायचं काय याबद्दल काहीच नाही.

असं का केलं याची कारणं तेव्हा दिली गेली ती पूर्ण टाकाऊ नव्हती. खर्च होता, अंगणवाडीचं जाळं आधीच आहे असं म्हणणं होतं, आणि तिसरी बाजू अशी होती की तीन वर्षांच्या मुलावर सक्तीचं शिक्षण लादणं हेच चुकीचं, एकदा कायद्यात आणलं की त्यालाही वेळापत्रक, हजेरी, परीक्षा चिकटणार. ही शेवटची भीती मला आजही समजते. पण झालं उलटंच. कायदा बाहेर राहिला म्हणून सक्ती टळली असं झालं नाही, सक्ती बाजाराने केली. पहिलीला मुलाला लिहिता-वाचता आलं पाहिजे असं मोठ्या शाळांना वाटायला लागलं, म्हणून सीनियर केजीत वाक्यं, ज्युनियर केजीत शब्द, आणि नर्सरीत पेन्सिल धरून ठिपके जोडणं. हे विचारणारं कुणीच नव्हतं कारण विचारायचा अधिकारच कुणाकडे नव्हता. बंगल्याच्या तळमजल्यावर तीन खोल्या घेऊन प्ले ग्रुप काढायला दुकानापेक्षा कमी परवानग्या लागत होत्या.

याचा फटका पाणी-मातीच्या खेळांना बसला. कसा, ते एका परातीवर सांगतो. परातीत पाणी, बाजूला बटाटा, बूच, चमचा, पान आणि एक संत्रं. संत्रं तरंगतं. सोलून टाकलं की बुडतं. मोठ्या माणसाला लगेच सालीतल्या हवेबद्दल सांगायची घाई होते, पण चार वर्षांचं मूल तिकडे लक्षच देत नाही, ते साल परत संत्र्याला गुंडाळून बघतं. ती सुटते. मग नुसती साल टाकतं, ती तरंगते, मग त्या सालीवर एक फोड ठेवतं, मग दुसरी, मग तिसरीला होडी कलंडते आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास जातो, फरशी ओली, बाह्या ओल्या, आणि वहीत काही नाही. किंवा हळदीचं पाणी लावून वाळवलेला कागद घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट टेकवलं की लाल ठिपका, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा, मुलं त्याच्यात चित्रं काढत बसतात आणि यातलं विज्ञान कुठलं आणि चित्रकला कुठली हे वेगळं करता येत नाही, करायची गरजही नाही. पण गेटवर घ्यायला आलेली आई विचारते, आज काय झालं? ताईकडे दाखवायला पान नसतं. आईची चूक नाही, तिला पुढच्या जूनची भीती असते.

मग तडजोड म्हणून आला तो टेबलावरचा ज्वालामुखी. सोडा आणि व्हिनेगर. ओततात ताई, मुलं हाताची घडी घालून रांगेत बसतात, फेस येतो, टाळ्या, फोटो ग्रुपवर. याला हँड्स-ऑन म्हणणं मला पटत नाही, मुलाचा हात कुठेच लागलेला नसतो. तयार किटचंही बऱ्याचदा तसंच, सामान मोजून दिलेलं असतं त्यामुळे चुकायला आणि पुन्हा करायला शिल्लकच राहत नाही. दिवाळीतल्या किल्ल्याचं तेच झालं. माती चाळायची, चिखल करायचा, तो ढासळला की विटा आत घालायच्या, वर हळीव पेरायचे आणि रोज सकाळी फुटले का बघायचे, यात तीन वर्षांच्या भावंडाला पण काम असायचं. आता रस्त्याकडेला प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो.

२०१९ च्या नव्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात शिक्षणहक्क कायदा तीन ते अठरा वयापर्यंत वाढवावा अशी शिफारस होती. २९ जुलै २०२० ला मंजूर झालेल्या अंतिम धोरणात ती राहिली नाही. शालेय वर्षांच्या ५+३+३+४ या नव्या रचनेत तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा आला, खेळातून शिक्षण असं स्पष्ट लिहिलं गेलं, २०३० पर्यंत सगळ्या मुलांना पूर्वप्राथमिक मिळावं असं उद्दिष्ट ठेवलं, पण हक्काची रेघ सहावरच. या गोष्टीची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, सगळी चर्चा भाषेच्या मुद्द्यावरच अडकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' ही शिकण्याच्या सामानाची सरकारी पेटी, त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रं, गोष्टी आणि वर्कशीट पण. आराखड्यात वाळू, पाणी, माती यांना जागा आहे हे चांगलंच झालं, निदान ताईला दाखवायला कागद मिळाला.

खरी अडचण ताईच्या प्रशिक्षणाची आहे. धोरणानुसार बारावी झालेल्या अंगणवाडीताईंना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा, आणि हे मुख्यतः डीटीएच चॅनल आणि स्मार्टफोनवरून, महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग. संत्र्याची साल हातात घेऊन मूल पुढे काय करेल याची वाट बघायची, मध्ये बोलायचं नाही, हे दुसऱ्या ताईच्या शेजारी बसूनच येतं. पेठांमधल्या जुन्या बालक मंदिरांत पंचवीस-तीस वर्षं हेच केलेल्या ताई आता निवृत्तीला आल्यात किंवा घरी आहेत, आणि त्यांना या प्रत्यक्ष वर्गांना बोलवायची तरतूद मला अजून कुठल्या कागदावर दिसलेली नाही.