अ‍ॅमहर्स्ट कॉलेज

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील अ‍ॅमहर्स्ट या गावचे खाजगी निवासी महाविद्यालय. स्थापना १८२१. विद्यार्थिसंख्या सुमारे १,९००. येथे फक्त पदवीपर्यंतचे शिक्षण मिळते. लिबरल आर्ट्स परंपरेनुसार ग्रीक-लॅटिनपासून भौतिकी व संगणकशास्त्रापर्यंतचे विषय एकाच छताखाली शिकवले जातात. पहिल्या वर्षाचे एक चर्चासत्र आणि निवडलेल्या मुख्य विषयाच्या अटी सोडल्यास कोणताही विषय सक्तीचा नाही. १९६५ पासून शेजारच्या स्मिथ, माउंट होल्योक इ. संस्थांशी सहकार्य असून विद्यार्थ्यांना तेथील वर्गांनाही बसता येते.

स्थापना व तिचा वाद : गावात १८१४ मध्ये अ‍ॅमहर्स्ट अकॅडमी ही शाळा निघाली होती. तिच्या विश्वस्तांनी १८१८ मध्ये ५०,००० डॉलरचा धर्मादाय निधी उभारण्याचा संकल्प सोडला. धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या गरीब, श्रद्धाळू आणि हुशार तरुणांना शिकवणे हा त्याचा हेतू. निधीच्या नियमांत व्याजाच्या सहापैकी पाच हिस्से विद्यार्थ्यांवर खर्चावेत व एक हिस्सा मुद्दलात मिळवावा, असे कलम होते. रूफस ग्रेव्ह्झ यांनी गावोगाव हिंडून वर्गणीदारांच्या सह्या मिळवल्या. सॅम्युएल फाउलर डिकिन्सन (कवयित्री एमिली डिकिन्सन यांचे आजोबा) यांनी तर या कामापायी स्वतःचा संसार कर्जात घातला. पहिल्या इमारतीची कोनशिला ऑगस्ट १८२० मध्ये बसली. दगड, लाकूड, चुना गावकऱ्यांनी दिला आणि बरेचसे काम श्रमदानाने झाले.

याच सुमारास राज्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराळ भागात असलेल्या विल्यम्स कॉलेजची (स्थापना १७९३) स्थिती हलाखीची होती. त्याचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर यांना संस्था कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात हलवायची होती, पण राज्य विधिमंडळाने परवानगी नाकारली. मूर यांनी विल्यम्स सोडले आणि सप्टेंबर १८२१ मध्ये ते अ‍ॅमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. पहिल्या दिवशी ४७ विद्यार्थी होते. त्यांपैकी १५ मूर यांच्याबरोबर विल्यम्सहून आले, असे बहुतेक इतिहासकार देतात.

मूर यांनी जाताना विल्यम्सच्या ग्रंथालयातील पुस्तकेही पळवली, अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन आधार मिळत नाही. विल्यम्सचे तत्कालीन अध्यक्ष हॅरी पेन यांनीही १९९५ मध्ये ती खोटी ठरवली. तरीही दोन्हीकडचे विद्यार्थी ती सांगतात. सामन्यांच्या वेळी तर हमखास. मूर यांच्या जाण्याने विल्यम्स बंद पडते की काय, या धास्तीने तेथील माजी विद्यार्थी १८२१ मध्येच संघटित झाले. अशा संघांत हा सर्वांत जुना मानतात.

अ‍ॅमहर्स्ट ही विल्यम्सची फुटून निघालेली शाखा, की स्थानिक अकॅडमी व धर्मादाय निधी यांचे अपत्य, याविषयी दोन मते आहेत. पहिले विल्यम्सच्या बाजूच्या लेखनात, तर दुसरे अ‍ॅमहर्स्टचे जुने इतिहासकार टायलर यांच्याकडे (१८७३) आढळते. टायलर अर्थातच घरचे साक्षीदार. पण निधीची योजना मूर येण्याच्या सुमारे तीन वर्षे आधीची आहे, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

सनदेचा (संस्थेला कायदेशीर मान्यता देणाऱ्या राज्याच्या परवान्याचा) प्रश्न याच निधीवर अडला. विल्यम्सच्या पाठीराख्यांचा विरोध होता. शिवाय निधीतील काही वर्गण्या खऱ्या की नुसत्या कागदावरच्या, असा आक्षेप निघाला, कारण बेरीज ५०,००० वर नेण्यासाठी १५,००० डॉलरची हमी जोडलेली होती. विधिमंडळाच्या समितीने १८२४ च्या शरद ऋतूत गावात येऊन वह्या व साक्षी तपासल्या. अखेर २१ फेब्रुवारी १८२५ रोजी सनद मिळाली. मूर १८२३ मध्येच वारले होते. पुढे शब्दकोशकार म्हणून विख्यात झालेले नोआ वेबस्टर आरंभीच्या विश्वस्तांत होते.

महाविद्यालयाचे नाव गावावरून आले व गावाचे जेफ्री अ‍ॅमहर्स्ट या ब्रिटिश सेनापतीवरून. मूळ रहिवाशांत देवीची साथ पसरवण्यास अनुकूलता दर्शवणारी त्याची १७६३ ची पत्रे उपलब्ध आहेत. त्यामुळे ‘लॉर्ड जेफ’ हे अनौपचारिक बोधचिन्ह २०१६ मध्ये सोडण्यात आले. नाव मात्र बदललेले नाही.

महाराष्ट्राशी संबंध : सुरुवातीच्या पदवीधरांपैकी बरेच जण मिशनरी झाले. १८३१ चे पदवीधर एबेनेझर बर्जेस १८३९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले. अहमदनगर व सातारा येथे काम करून त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत लिहिले (१८५४). त्यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. भारतीय खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना ते आजही चाळावे लागते. आपल्या ग्रंथपालांच्या परिचयाची दशांश वर्गीकरण पद्धतीही (१८७६) मेल्व्हिल ड्यूई यांनी याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना आखली.

प्रवेश : विद्यार्थिनींना प्रवेश १९७५ पासून. अलीकडे शंभर अर्जांमागे साधारण सात ते दहा जणांनाच जागा मिळते. गुणपत्रिका, शिक्षकांची पत्रे व निबंध एकत्र वाचून निर्णय होतो, त्यामुळे आपल्याकडच्यासारखी ‘कट-ऑफ’ची यादी लागत नाही. नोव्हेंबरात ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज करणारा विद्यार्थी, निवड झाल्यास येथेच येण्याचे वचन देतो. इतर संस्थांची मदत ताडून पाहण्याची संधी त्यामुळे जाते आणि पैशाची चिंता नसलेल्या घरांना हा मार्ग सोयीचा पडतो, ही टीका रास्त आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप २०२१ मध्ये बंद झाले. तोवर प्रत्येक तुकडीत त्यांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वंश विचारात घेऊन प्रवेश देण्यास मनाई केली. त्यानंतर २०२४ च्या तुकडीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ११ वरून ३ टक्क्यांवर आल्याचे महाविद्यालयाने जाहीर केले. एका तुकडीवरून कल ठरवणे घाईचे होईल. शिवाय मिश्रवंशीयांची गणना सर्वत्र एकाच रीतीने होत नाही.

खर्च व अर्थसाहाय्य : शिक्षणशुल्क, निवास, भोजन धरून २०२४–२५ च्या सुमारास वर्षाचा जाहीर खर्च ९०,००० डॉलरच्या घरात, म्हणजे सुमारे पाऊण कोटी रुपये होता. परंतु निम्म्याहून अधिक विद्यार्थी एवढी रक्कम भरत नाहीत. अर्ज वाचताना ऐपत पाहायची नाही आणि निवड झाल्यावर लागेल तेवढी मदत द्यायची, असे दुहेरी धोरण आहे. ते परदेशी अर्जदारांनाही २००८ च्या सुमारापासून लागू झाले. भारतीय पालकांनी ही दोन अंगे वेगवेगळी समजून घ्यावीत, कारण अमेरिकेतील पुष्कळ संस्था परदेशी अर्जदाराची ऐपत आधी पाहतात. मदतीतील कर्जाच्या जागी २००८ पासून अनुदान आले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार अमेरिकी कुटुंबांपैकी खालच्या ८० टक्के उत्पन्नगटांतील विद्यार्थ्यांना किमान पूर्ण शिक्षणशुल्काइतकी मदत मिळते. मध्यम उत्पन्नाखालच्यांना निवास-भोजनही.

‘गरज’ किती, हे मात्र कुटुंब ठरवत नाही. उत्पन्न, बचत, घराची किंमत, शिकणारी भावंडे यांचा तपशील घेऊन महाविद्यालय ठरवते, आणि त्याचा आकडा घरच्या हिशेबापेक्षा कमी निघू शकतो. या मदतीचा मोठा भार ३ अब्ज डॉलरहून मोठ्या कायमनिधीच्या उत्पन्नावर आहे. मुद्दल राखून व्याजावर शिकवण्याचे १८१८ च्या नियमाचे तत्त्व त्यात दिसते, पण धर्मोपदेशक होण्याची अट केव्हाच गेली आहे.

फलित : दहापैकी नऊहून अधिक विद्यार्थी सहा वर्षांच्या आत पदवी घेतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले कॅल्विन कूलिज, रक्तपेढीचे प्रवर्तक चार्ल्स ड्रू, अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले एडमंड फेल्प्स व जोसेफ स्टिग्लिट्झ हे येथील पदवीधर. अशा नावांवरून महाविद्यालयाचा परिणाम मोजता येत नाही, कारण निवडच मुळात हुशारांची होते. डेल व क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये निवडक (मोजक्याच अर्जदारांना घेणाऱ्या) संस्थांविषयी दाखवले, की तुल्य पात्रतेचे विद्यार्थी कमी निवडक ठिकाणी शिकले तरी त्यांची पुढील कमाई फारशी वेगळी नसते. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी याला अपवाद. चेटी, डेमिंग व फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांच्या २०२३ च्या अभ्यासात सरासरी कमाईत मोठा फरक दिसला नाही, पण सर्वोच्च एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता वाढलेली आढळली. मात्र तो आयव्ही लीग (हार्वर्ड, येल इ. आठ जुनी विद्यापीठे) व आणखी चार विद्यापीठांपुरता असल्याने अ‍ॅमहर्स्टला जसाच्या तसा लावता येत नाही. अमेरिकेचे केंद्र सरकार प्रसिद्ध करते ते कमाईचे आकडे केवळ सरकारी मदत घेतलेल्यांचे असतात. भारतातून गेलेले विद्यार्थी त्यांत येत नाहीत.