पर्ससीनचे 182 परवाने आणि वाटपाचा प्रश्न : पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे थव्याला चहूबाजूंनी घेरून खालून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर, निर्बंध घालणारा आदेश काढला. त्यानंतर कोकण किनाऱ्यावर या विषयाची जी चर्चा झाली, ती बहुतेक वेळा पारंपरिक मच्छीमार विरुद्ध यांत्रिक नौकांचे मालक एवढ्यावरच थांबली. मासळी कशाने घटली, बंदी हवी की नको, यावर पुष्कळ बोलले गेले. परंतु समुद्रातून किती काढायचे हे एकदा ठरल्यावर ते काढण्याचा हक्क कोणाला आणि कोणत्या निकषावर द्यायचा, हा प्रश्न मागेच राहिला. गेम थिअरीत (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणिती अभ्यासात) आणि अर्थशास्त्रात हे दोन प्रश्न दीर्घकाळ वेगवेगळे हाताळले गेले आहेत, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वाद समजून घेण्यासाठी त्यांतील फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

मासेमारीत सहकार्य का टिकत नाही, याचे एक नेमके उत्तर 1954 मध्ये कॅनडातील एका अर्थशास्त्रज्ञाने दिले. समुद्रात उतरण्यास कोणालाच मज्जाव नसेल, तर नौकेचे सरासरी उत्पन्न तिच्या खर्चाएवढे होईपर्यंत नव्या नौका येतच राहतात, आणि समुद्र देऊ शकला असता तो निव्वळ नफा या गर्दीत विरून जातो. प्रत्येक मालक स्वतःच्या हिशेबाने शहाणपणानेच वागत असतो. त्याच्या जाळ्यामुळे इतरांच्या जाळ्यात कमी येते, हा तोटा मात्र कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. 1968 मध्ये सामाईक साधनांच्या शोकांतिकेची कल्पना गाजली आणि अशी साधने सरकारी नियंत्रणाखाली तरी आणावीत किंवा खासगी मालकीत तरी द्यावीत, हा विचार रूढ झाला. 1990 मध्ये एका अमेरिकी विदुषीने जगभरातील गावांचे अनुभव एकत्र करून तिसराही मार्ग असल्याचे दाखवले. या कामासाठी तिला 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या उदाहरणांत तुर्कस्तानातील अलान्या हे किनाऱ्यावरचे गाव आहे. तेथे मच्छीमार सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटून घेत, आणि मग जानेवारीपर्यंत रोज एक जागा पूर्वेकडे व पुढे मेपर्यंत रोज एक जागा पश्चिमेकडे सरकत असत, त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये तिला जी आठ लक्षणे आढळली, त्यांतील पहिले असे की हक्कदार कोण आणि बाहेरचा कोण, ही सीमा स्पष्ट असते.

मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील रापण, म्हणजे अनेकांनी मिळून दोरांनी किनाऱ्यावर ओढायचे जाळे, या लक्षणांना चांगली उतरते. तिचा सगळा तपशील येथे सांगण्याची गरज नाही, मात्र वाटपाच्या दृष्टीने तिच्यातील दोन गोष्टी निर्णायक आहेत. ओढलेले जाळे भरदिवसा सर्वांसमक्ष वाळूवर येते, त्यामुळे किती मासळी लागली हे लपवता येत नाही. वारंवार होणाऱ्या व्यवहारात सहकार्य टिकते ते फसवणूक लवकर उघडी पडते म्हणून, हा सिद्धान्त येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. दुसरी गोष्ट मालकीची आहे. रापण संघात जाळे एकट्याचे नसते, भागीदारांचे असते, आणि भागीदार स्वतःच दोर ओढतात.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व कळण्यासाठी एक छोटा हिशेब पुरेसा आहे. समजा, जाळे एका माणसाचे आहे, ते ओढायला आणखी एकच माणूस लागतो, पण त्या कामासाठी दोघे उभे आहेत. ज्या वाटणीतून कोणताही गट फुटून बाहेर पडला तरी अधिक मिळवू शकत नाही, अशा वाटण्यांच्या संचाला गेम थिअरीत 'गाभा' म्हणतात. येथे गाभ्यात एकच वाटणी बसते: सगळे उत्पन्न जाळेवाल्याला आणि ओढणाऱ्या दोघांनाही शून्य, कारण एकाने थोडे जरी मागितले तरी दुसरा त्याहून कमी घ्यायला तयार असतो. 1953 मध्ये एका अमेरिकी गणितज्ञाने वेगळा नियम मांडला. सहभागी वेगवेगळ्या क्रमांनी गटात आले असते, तर प्रत्येकाच्या येण्याने उत्पन्नात किती भर पडली असती, याची सर्व क्रमांवरची सरासरी काढावी आणि तोच त्याचा वाटा मानावा. या नियमाने जाळेवाल्याला दोन तृतीयांश आणि ओढणाऱ्या दोघांना प्रत्येकी एक षष्ठांश मिळते. पहिली वाटणी कोणाची सौदाशक्ती किती हे सांगते, दुसरी कोणाचे योगदान किती ते सांगते. रापणीत जाळ्याची मालकी आणि दोरावरचे श्रम एकाच समूहाकडे असल्यामुळे या दोहोंतील अंतरच मिटते. दोराला हात लावणाऱ्या बाहेरच्या माणसालाही चार मासे मिळतात, ही रीत गाभ्याच्या तर्काने समजावता येत नाही; योगदानाच्या तर्काने ती सहज समजते.

पर्ससीन नौकेवर परिस्थिती उलट असते. नौका आणि जाळे मालकाचे असते, खलाशी बहुधा बाहेरून, थेट नेपाळहूनही येतात, आणि एका खलाशाच्या जागी दुसरा मिळतो. त्यामुळे तेथील वाटणी गाभ्याच्या दिशेने झुकते. एखाद्या मालकाच्या चांगुलपणाने किंवा वाईटपणाने त्यात फारसा फरक पडत नाही. माझ्या मते किनाऱ्यावरील असंतोषाचे मूळ या बदललेल्या वाटणीत आहे. मासळीच्या घटीने ते अधिक तीव्र झाले.

यांत्रिकीकरणाचा इतिहास थोडक्यात पुरेल. स्वातंत्र्यानंतर ट्रॉलर आले, आणि सत्तरच्या दशकात कर्नाटक व गोव्याच्या किनाऱ्यावर पर्ससीन आली. गोव्यातील रापणकारांनी तेव्हाच मोठे आंदोलन केले. केंद्राने 1979 मध्ये राज्यांकडे नमुना विधेयक पाठवले, गोवा आणि केरळने 1980 मध्ये कायदे केले, आणि महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आहे. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत चालतो, त्यापुढील क्षेत्र केंद्राकडे आहे. या विभागणीचे परिणाम पुढे दिसले.

राज्याने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2012 मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे 2016 चा आदेश निघाला, म्हणजे मधली तीन-चार वर्षे जाळी वाढण्यासाठी मोकळीच राहिली. आदेशाने नवे परवाने बंद केले, पर्ससीनचा हंगाम 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर असा आखला, आणि 494 परवान्यांची संख्या आधी 262 वर व शेवटी 182 वर आणण्याचे धोरण स्वीकारले. समुद्र किती नौका पेलू शकतो, या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर होते आणि तसे उत्तर देणे आवश्यकच होते. दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात मात्र याच आकड्यापासून होते. 494 दावेदार आहेत आणि जागा 182 आहेत. उरलेले 312 कोण?

दावे अधिक आणि उपलब्ध वस्तू कमी, या स्थितीचा अभ्यास 1985 मध्ये दोन गणितज्ञांनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील एका जुन्या कोड्याच्या आधारे केला. एका मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर त्याच्या तीन विधवांचे अनुक्रमे 100, 200 आणि 300 असे दावे आहेत. मागे 100 उरले असतील तर तिघींना समान द्यावेत, 300 उरले असतील तर 50, 100 आणि 150 द्यावेत, आणि 200 उरले असतील तर 50, 75 आणि 75, असे ग्रंथ सांगतो. शतकानुशतके विसंगत वाटलेल्या या तिन्ही उत्तरांमागे एकच नियम आहे, हे त्यांनी सिद्ध केले. उपलब्ध रक्कम एकूण दाव्यांच्या निम्म्याहून कमी असेल तर मिळकत समान वाटत जावी, पण कोणालाही स्वतःच्या निम्म्या दाव्यापेक्षा अधिक देऊ नये. ती निम्म्याहून अधिक असेल तर तोटा त्याच रीतीने समान वाटावा.

कोकणातील हिशेबाला हा नियम लावला तर प्रत्येक परवानाधारकाचा दावा एकच आणि समान असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला परवान्याचा सुमारे 37 टक्के भाग येतो. परवाना कापून देता येत नाही, म्हणून दोन वाटा उरतात. चिठ्ठ्या टाकल्या तर प्रत्येकाला 37 टक्के संधी मिळते आणि 312 कुटुंबांच्या कर्जाचा बोजा नशिबावर पडतो. वेळ वाटला तर सप्टेंबर ते डिसेंबर या 122 दिवसांपैकी प्रत्येकाला सुमारे 45 दिवस मिळतात. जुन्यांना आधी स्थान, किंवा परवान्याची मुदत संपेल तसा तो बाद करणे, हेही नियमच आहेत आणि त्यांचा लाभ कोणाला होतो हे उघड आहे. ते निवडायचे तर त्यांची कारणे सांगायला हवीत. कारण न सांगता केलेली कपात अन्यायाची भावना निर्माण करते, आणि ज्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटते तो परवान्याविनाही जाळे टाकतो. मिनी पर्ससीनच्या, म्हणजे याच जाळ्याच्या लहान प्रकाराच्या, प्रश्नाकडे केवळ गुन्हा म्हणून पाहिले गेले, ते मला अपुरे वाटते.

याहून गंभीर उणीव दावेदारांच्या यादीतच आहे. या 494 मध्ये रापण संघ नाहीत, कारण त्यांनी पर्ससीनचा परवाना कधी मागितलाच नव्हता. तरीही बांगडा आणि तारलीचे थवे तेच आहेत, आणि पावसाळ्यानंतरचे जे चार महिने पर्ससीनला मिळाले, त्याच महिन्यांत रापणकरही या थव्यांची वाट पाहत असतात. आदेशाने किनाऱ्यालगतचा पट्टा पर्ससीनला बंद केला हे खरे, परंतु थवा वाटेतच घेरला गेला तर तो त्या पट्ट्यापर्यंत पोचत नाही. वाटपाचा नियम कितीही न्याय्य असला तरी ज्याचे नावच यादीत नाही त्याला तो काही देऊ शकत नाही.

पुढील घडामोडींनी अंमलबजावणी कडक केली. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी आपल्या क्षेत्रात बंद केली. राज्याने 2021 मध्ये 1981 च्या कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा लाखांत नेल्या आणि सुनावणीचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिला. दंड हा सहकार्याचा शत्रू नाही. सहभागींनी आपापले पैसे एकत्र घालायच्या सामाईक निधीच्या प्रयोगांत शिक्षेची सोय असली की सहभाग वाढतो, हे 2000 च्या सुमारास वारंवार दिसून आले. पण तेथे शिक्षा करणारे त्याच गटातील असतात आणि आधीचे सर्व व्यवहार त्यांनी पाहिलेले असतात, ही अट येथे पुरी होत नाही.

जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या संदर्भात अंतरिम आदेश देऊन 12 सागरी मैलांपलीकडे पर्ससीनला आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी 8 ते सायंकाळी 6 या वेळेत परवानगी दिली. वेळ हे वाटपाचे एकक होऊ शकते, हे त्यामुळे न्यायालयीन पातळीवर मान्य झाले. तसे कोकणात करायचे ठरले तर नौकांच्या फेऱ्या मोजाव्या लागतील, आणि त्या 12 मैलांवर न मोजता मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै अशा बंदरांतच मोजता येतील. ती नोंद रोजच्या रोज बंदरावर लावली गेली पाहिजे आणि रापण संघांना तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क असला पाहिजे.